पहिला नंबर कुणाचा?

माझ्या मोबाईलला पूर्वी फारसे काम नव्हते. पेन्शनीत निघालेल्या माणसाला फोन कोण करणार? गावाहून भाचा, नाहीतर कर्ज हवे का म्हणून विचारणारा बँकेतला एखादा पोरगा. पण 2024 च्या डिसेंबरात आमच्या बारावीतल्या नातीने संगणकावर कुठलासा फॉर्म भरला आणि ‘पालकाचा नंबर’ या रकान्यात माझा नंबर घातला. घरात रिकामा माणूस मीच, असा तिचा हिशेब. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढीचा साबण लावून बसलो होतो, तोच फोन वाजला.

“सर, आपलं अभिनंदन!” मोठा मंजुळ आवाज.

“कशाबद्दल?”

“आपल्या पाल्याची आमच्या युनिव्हर्सिटीच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झालीय.”

“अरे वा! पण परीक्षा कधी झाली?”

“परीक्षा व्हायचीय, सर. जानेवारीत आहे.”

आयुष्यात मी पुष्कळ निकाल पाहिले. मी बी.कॉम. झालो तेव्हा निकाल वर्तमानपत्रात छापून येई आणि त्या मुंग्यांसारख्या आकड्यांतून आपला नंबर शोधताना बोट थरथरे. पण परीक्षेच्या आधी निकाल लागलेला पाहण्याचा योग या वयातच यायचा होता.

पुढे सात-आठ महिने ही मुलगी आमच्या घरातलीच होऊन गेली. संक्रांतीला तिचा फोन, होळीला फोन, गुढीपाडव्याला तर आधी शुभेच्छा आणि मग ‘सीट्स भरत चालल्यात, सर’. चार दिवस फोन आला नाही, की आमची ही विचारी, “तिची तब्येत बरी आहे ना हो?”

आता परळसारख्या जागी राहून शिक्षणाचे अप्रूप वाटू नये. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीतून केईएमची इमारत दिसते. तिच्या पोटात सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आहे. पलीकडे हाफकिन, टाटा हॉस्पिटल, गुराढोरांच्या डॉक्टरांचे 1886 सालचे कॉलेज. पांढरे कोट घातलेली पोरे वडापाव खाताना पाहतच आमची एक पिढी म्हातारी झाली. पण त्या कॉलेजांचा नंबर कितवा, हे आम्ही कधी विचारले नव्हते. कुणी सांगितलेही नव्हते.

हल्ली मात्र स्टेशनवरून घरी येईपर्यंत नंबरच नंबर दिसतात. एका फलकावर एक विद्यापीठ पहिले. दहा पावलांवर दुसरे, तेही पहिले. तिसऱ्याच्या खाली मात्र मुंगीच्या अक्षरात काही लिहिले होते. चष्मा पुसून वाचले, तर ते पश्चिम भारतातल्या, अमुक वर्षांनंतर निघालेल्या, खासगी विद्यापीठांत पहिले होते. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या, मिशा असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या इसमांत मीही पहिलाच आहे. पण त्याचा फलक अजून कुणी लावलेला नाही.

ही सगळी भानगड समजून घ्यायला मी चौदा नंबरच्या खोलीतल्या मास्तरांकडे गेलो. मास्तर गणिताचे. पेन्शनीत निघून वीस वर्षे झाली, पण समोर माणूस बसला की त्यांना फळा आठवतो.

“हे बघा,” मास्तर म्हणाले, “सरकारची एक यादी आहे. एनआयआरएफ म्हणतात. 2015 साली तिची घोषणा झाली, 2016 ला पहिली यादी लागली. शंभरातले तीस मार्क शिकवण्याला आणि साधनांना, तीस संशोधनाला, वीस मुलं पास होऊन पुढे काय करतात त्याला, दहा सगळ्या थरांतली मुलं घेता की नाही त्याला, आणि उरलेले दहा लोकांचं तुमच्याबद्दल काय मत आहे त्याला.”

“म्हणजे रीतसर तपासणी होते म्हणायची.”

“आकडे ज्याचे त्यानेच भरून पाठवायचे. आणि ज्याने अर्जच केला नाही, त्याला नंबरच नाही.”

मग मास्तरांनी एक उदाहरण दिले, ते मला अजून विसरता येत नाही. माटुंग्याची रसायनशास्त्राची संस्था आपल्याला ठाऊक आहे. 1933 साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघाली, जुनी मंडळी तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. सरकारने 2016 ची पहिली यादी काढली, तेव्हा सगळ्या देशातल्या विद्यापीठांत ही संस्था दुसरी आली. पहिली बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. माटुंग्याला पेढे वाटले असतील. पुढल्या वर्षीची, 2017 ची यादी आली, तर पहिल्या दहांत तिचे नाव नाही!

“अहो, एका वर्षात काय भिंती पडल्या की काय?” मी विचारले.

“भिंती तिथंच होत्या, मास्तरही तेच. फूटपट्टीची आखणी हलली, मोजायला आलेली गिऱ्हाइकं वाढली. वर्गात मी शंभर पोरांचे पेपर दोनदा तपासले, तर पाच-दहा नंबर इकडचे तिकडे व्हायचे. पण दुसऱ्याचा एकदम दहाच्या बाहेर? तसं कधी झालं नाही.”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. शिकवण्याच्या मार्कांत एका शिक्षकामागे मुले किती, हे पाहतात. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात प्राध्यापक निवृत्त झाला, की त्याची जागा भरायला सरकारची परवानगी लागते. ती येईपर्यंत तासावर पगार घेणारी बिचारी पोरे शिकवतात. जागा रिकामी, की मार्क कमी. मार्क कमी, की नंबर खाली. मग तेच सरकार वर तोंड करून विचारते, की आमच्या विद्यापीठांचा नंबर का घसरला. घरधन्याने स्वतः धान्य भरायचे नाही आणि स्वयंपाकिणीला म्हणायचे, भात कमी का झाला? त्यातलाच हा प्रकार.

मास्तर एकतर्फी मुळीच नाहीत. खासगीवाल्यांवर राग धरण्यात अर्थ नाही, असे ते म्हणतात. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली नसती, तर आमच्याच चाळीतली चार पोरे कर्नाटकात पैसे भरून आली असती. त्याआधी, 1956 च्या कायद्याने, अभिमत विद्यापीठांची वाट मोकळी झालीच होती. आणि 2014 पासून आपल्या विधिमंडळाने एकेका खासगी विद्यापीठाचा एकेक कायदा करायला घेतला. दुकाने वाढली. दुकाने वाढली, की पाट्या मोठ्या होणारच.

आमच्या चिरंजीवांचा कल पहिल्यापासून मोठ्या पाटीकडे. ते एका खासगी कंपनीत हिशेब लिहितात. पगार बेताचा, पण मुलीने कॉम्प्युटरच शिकावा ही जिद्द दांडगी. सरकारी विद्यापीठाचे नाव काढले, की ते 2017 सालाकडे बोट दाखवीत. त्या वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला काढल्या, निकाल महिनोनमहिने लांबले, पोरांचे पुढचे प्रवेश लटकले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावे लागले. पुढे 2021 साली त्याच विद्यापीठाला नॅकने ए प्लस प्लस दिला, हे मी सांगून पाहिले. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, नॅकचं नका सांगू!” आणि खरेच, 2025 च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षासकट काही सदस्यांना लाचेच्या आरोपावरून पकडल्याची बातमी त्यांनी माझ्यापुढे टाकली. मुंबई विद्यापीठाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पण बापलेकांच्या वादात संबंध कोण पाहतो?

मार्चमध्ये, बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर, आम्ही ते खासगी विद्यापीठ पाहायला गेलो. त्यांचीच गार हवेची बस दादरहून निघाली. वाटेत पाण्याच्या बाटल्या, पोचल्यावर जेवण, आणि जाताना प्रत्येकाला कापडी पिशवी. खोटे कशाला बोलू? जागा पाहून माझे डोळे निवले. प्रयोगशाळा नव्या कोऱ्या, यंत्रांवर धूळ नाही, आणि कुणाला काही विचारले तर माणूस हसून उत्तर देतो. मुंबईत चाळीस वर्षे कचेऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभे राहिलेल्या माणसाला या हसण्याची किंमत कळते. नातीला तिथली एक तरुण प्राध्यापिका फार आवडली. अर्धा तास ती तिच्याशी बोलत होती.

दाराशी संस्थापकांचा अर्धपुतळा होता. त्याच्याकडे पाहताना मला उगाच राजाबाई टॉवर आठवला. प्रेमचंद रायचंद हे शेअरबाजारातले मोठे व्यापारी. 1864 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. बदल्यात काय मागितले? मनोऱ्याला आईचे नाव. आमचे परळचे मेडिकल कॉलेज घ्या. गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून देणगी आली, ती एका अटीवर. शिकवणारे आणि उपचार करणारे सगळे हिंदी डॉक्टर असले पाहिजेत. त्या काळी ग्रँट मेडिकल कॉलेजात मानाच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. आपल्या डॉक्टराने कितीही पदव्या मिळवाव्या आणि हाताखाली राबावे. 1926 साली केईएम उघडले, डॉ. जीवराज मेहता डीन झाले – हेच पुढे 1960 साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री – आणि परळने भायखळ्याशी चढाओढ लावली. चढाओढ तेव्हाही होतीच की. पैसा शेठचा, पण कॉलेज म्युनिसिपालिटीचे, आणि ते अजून तिचेच आहे. आजचा शेठ स्वतःचे विद्यापीठ काढतो. त्यात पाप नाही. पण शेठजींच्या पुतळ्याजवळ फीचा तक्ता लावलेला असतो, एवढा फरक पडला.

तो तक्ता असा, की वर्षाला चार लाख, वर्षे चार. वसतिगृह निराळे.

परतताना बसमध्ये कुणी बोलले नाही. एप्रिलमध्ये मंजुळ आवाजाचा फोन आला, की पन्नास हजार भरून जागा राखून ठेवा, नंतर शिष्यवृत्तीचा भाव उतरेल. आता यातली खुबी पाहा. बारावीचा निकाल मेमध्ये. सरकारी सीईटीची परीक्षाही एप्रिल-मेमध्ये. तिचे अर्ज, याद्या, फेऱ्या हे सगळे जुलै-ऑगस्टपर्यंत चालणार. तोवर आईबापांनी काय करायचे? ज्या दुकानाचे दार उघडे, तिथे माणूस शिरतो. नंबर वर की खाली, ही पुढची गोष्ट झाली. खासगी विद्यापीठाने आम्हाला पहिले गाठले ते पंचांगाच्या जोरावर. चिरंजीवांनी माझी एक ठेव मोडून पन्नास हजार भरले. मीच सही केली, तेव्हा दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारीत नाही.

उरलेल्या पैशांची बोलणी एका रात्री झाली. शैक्षणिक कर्जाला तारण काय द्यायचे, असा प्रश्न निघाला. चाळीची खोली पागडीची. तिच्यावर बँक कर्ज देत नाही. आमची ही काही न बोलता उठली आणि कपाटातून पाटल्यांचा डबा काढून तिने पुढे ठेवला. चार पाटल्या. 1982 च्या जानेवारीत गिरणीचा संप सुरू झाला तेव्हा मी लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होतो. दीड वर्ष घरात पगार नव्हता, तेव्हासुद्धा या पाटल्या मारवाड्याकडे गेल्या नव्हत्या. चाळीत भिंती पातळ असतात आणि नात पलीकडेच झोपली होती. झोपली होती, असे आम्हाला वाटत होते.

जूनमध्ये मास्तर वर आले. हातात एक छापील कागद. “हे तुम्ही वाचलंय का?”

तो सरकारचा 8 जुलै 2024 चा निर्णय होता. मुलींसाठी. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास वर्गातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अट एवढी, की प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झाला पाहिजे. अभिमत आणि खासगी स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे मात्र त्यातून वगळलेली.

आम्ही त्या वर्गांपैकी एकात बसतो आणि आठ लाख तर आम्ही स्वप्नातच पाहतो. म्हणजे आमच्या मुलीचा हक्क गेले वर्षभर कागदावर तयार होता, आणि आम्ही पाटल्यांचा डबा उघडून बसलो होतो! मला सरकारची कीव आली. असली वस्तू त्या मंजुळ आवाजाच्या मुलीकडे असती, तर तिने दिवसातून तीनदा फोन करून आमचे कान किटवले असते. सरकारकडून एकही फोन नाही. ना परळच्या पुलावर फलक. जो आपले चांगले सांगत नाही, त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात गेले तर रागवायचे कुणावर?

श्रावण लागला आणि पहिल्या फेरीची यादी आली. नातीला माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये जागा मिळाली. घरात आरडाओरड झाली, पेढ्यांसाठी कुणी चप्पल घालायला लागले, तोच चिरंजीवांनी पुढचा शब्द वाचला. टेक्स्टाईल.

“कापड?” मी ओरडलोच. ज्या कापडाने आम्हाला रस्त्यावर आणले, त्याच्यात पोर घालायची? खिडकीतून बाहेर पाहिले तर गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे. चिमणी औषधाला शिल्लक नाही. “हे तू अर्जात भरलंस तरी कशाला?”

“मीच भरलं,” ती म्हणाली. “कुणाला विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी ती मला माटुंग्याला घेऊन गेली. दारात पिशवी कुणी दिली नाही. खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी आणि आतून टेबलावर डबा उघडल्याचा वास. एका बाईंना विचारले, त्यांनी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवले. तिथे विचारले, तर पहिलीकडे. मुलगी इथे शिकायला आली आहे की रेशनकार्डावर नाव चढवायला, असे वाटावे. मला मनातून थोडा आनंदच झाला, की आता ही आपोआप नको म्हणेल. पण कॅन्टीनपाशी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी भेटली, टेक्स्टाईलचीच. तिने आम्हाला कार्यशाळेत नेले. जुने माग होते, नवी यंत्रेही होती. ती म्हणाली, “काका, आता धोतर-साडीच विणतो असं नाही. हृदयाकडची मोठी रक्तवाहिनी खराब झाली, की डॉक्टर तिच्या जागी विणलेली नळी बसवतात. तीही कापडच.”

मला गॅलरीतून दिसणारे केईएम आठवले. मी काही बोललो नाही. मागावर हात ठेवला. त्या लाकडाचा स्पर्श तळहाताला ओळखीचा वाटला.

येताना मास्तरांनी सांगितलेले आठवत होते. ही संस्था 1887 साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघाली, आधी भायखळ्याला. 1923 ला माटुंग्यास आली. 1997 पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. गिरण्यांना हुशार माणसे हवी होती, म्हणून गिरणीमालक सर दिनशा पेटिट यांनी तिला हातभार लावला. त्यांच्याच पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव आमच्या परळच्या जनावरांच्या इस्पितळाला आहे. गिरण्या गेल्या, इस्पितळ आहे, कॉलेज आहे.

घरी दोन दिवस धुमश्चक्री चालली. चिरंजीवांचे म्हणणे सोपे होते. नोकऱ्या कॉम्प्युटरला आहेत. खासगी विद्यापीठाचा यादीतला नंबर वर आहे. उद्या मुलीने विचारले, की बाबा तुम्ही मला मागे का खेचलेत, तर मी काय सांगू? हे म्हणणे खोटे नव्हते. अजूनही मला ते खोटे वाटत नाही. धाकटा पुतण्या म्हणाला, पुढच्या फेरीला थांबा, पनवेल-कर्जतकडे एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळेल, तिथेही फी माफच आहे. सूनबाई कधी नव्हे त्या मध्ये पडल्या. “तिला विचारा की कुणीतरी.”

नात म्हणाली, “मला त्या आजींच्या पाटल्यांवर इंजिनियर व्हायचं नाही.”

आमची ही म्हणाली, “पाटल्यांचा विषय सोड. तुला काय हवंय?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “ते खासगी कॉलेज मला आवडलं होतं. ती मॅडम फार छान होती. पण तिथं सगळे मला सांगत होते, इथं मीच विचारत होते. मला ती नळी कशी विणतात, ते बघायचंय.”

प्रवेश झाला. पन्नास हजारांच्या परताव्याचा अर्ज टाकला. विद्यापीठ अनुदान मंडळाचे परिपत्रक असते, की मुदतीत प्रवेश सोडला तर पैसे परत द्यावे लागतात. तेही मास्तरांनीच छापून आणले. उत्तर येईना. शेवटी एके सकाळी, पुन्हा दाढीच्याच वेळी, फोन वाजला. तोच आवाज, जरा थकलेला.

“सर, तुम्ही अ‍ॅडमिशन कॅन्सल केलीत म्हणून कळलं. कारण लिहून द्यायचं असतं.”

मी कारण सांगितले. मग सहज विचारले, “बाळ, तू शिकलीस कुठं?”

“मी ना सर? बी.कॉम. मुंबई युनिव्हर्सिटी. परळलाच होतं आमचं कॉलेज.”

“असं होय! मग नंबर कितवा तुमच्या कॉलेजचा?”

ती हसली. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा, कागदावर न लिहिलेले हसू. “ते कुणी बघितलं नाही, सर. घराजवळ होतं आणि फी कमी होती.”

“आणि आमचे पैसे?”

“पाठपुरावा करते मी, सर. गणपतीनंतर येतील.”

आले. घटस्थापनेच्या दिवशी, हजार रुपये कापून. आमची ही अजून मधूनमधून विचारते, की तिचा फोन आला होता का.